हिराबाईची चिमूट

पेणच्या आमच्या कारखान्यात मँटलांपेक्षा किस्सेच जास्त तयार व्हायचे! मँटलाला बोट लागलं की भुगा; किस्से मात्र अजून शाबूत आहेत. म्हणून सांगतो.

मँटल म्हणजे गॅसबत्तीत टांगायची सुती पिशवी. थोरियमच्या पाण्यात शंभराला एक या मापानं सीरियम नायट्रेट घालायचं आणि पिशवी त्यात भिजवायची. पेटवली की सूत जळतं आणि उरलेली राखेची जाळी लखलखते. मालक दादा, सायन्स शिकलेले, स्वदेशीचे वेडे. मी बी.ए. नापास, म्हणून मॅनेजर! कामाला मिठागरावरच्या बारा आगरी बायका. कारखाना चालला तर सावलीत बसून काम, नाही तर पुन्हा खाऱ्या चिखलात. त्यांची म्होरकी हिराबाई.

* * *

सीरियम नायट्रेट पांढरं, खड्यांचं, हवेतलं पाणी ओढून घेणारं. आणि हवा कोकणची! एकदा बूच उघडं राहिलं. दुपारी बघतो तर बाटली रिकामी आणि टोपलीखाली ओघळ.

"हे काय?" दादा किंचाळले.

"मीठ पानी धरत व्हतं, टोपलीत निथळाया ठेवलं. मिठागरात आमी असंच करतो."

"मग मीठ कुठाय?"

हिराबाई टोपलीत डोकावली. "अगो बाय! सगळं पानीच व्हतं की! दादा, तुमाला वाण्यानं फसवलं!"

* * *

पुढची बाटली आली तेव्हा तिनं आधी खडा जिभेवर ठेवला.

"गोड लागतंय. तुरट पन. ह्ये मीठ न्हाय, दादा."

दादांनी तासभर समजावलं, की आम्ल आणि धातू मिळून होतं ते मीठच.

"व्हय व्हय," ती म्हणाली, "पन भाकरीसंगं न्हाय चालायचं!"

* * *

एकदा गावातले डॉक्टर कारखाना बघायला आले. सहज बोलून गेले, "सीरियमचंच दुसरं एक मीठ गरोदर बाईला ओकारीवर देतात."

दुसऱ्या दिवशी चार बायका औषध मागायला हजर. चौथी हिराबाईची सासू!

"आजी, तुमचं वय काय!" मी म्हणालो.

"तेच तं! मना जास्ती दे!"

* * *

आता शेवटचा. आमची मँटलं खपेनात. दादांनी मुंबईच्या एका बत्तीवाल्या शेठना बोलावलं. पसंत पडलं तर वर्षाची ऑर्डर, नाही तर कारखान्याला कुलूप. बायकांची तोंडं उतरलेली.

दादा शेठना आणायला धरमतरच्या बंदरावर गेले. जाताना मला म्हणाले, "मँटलाच्या पाण्याचा नवा घाणा तू घाल, नीट तोलून." ऐन वेळी मला तराजूच्या कपाटाची चावी सापडेना! शेवटी हिराबाईनंच चिमटीनं सीरियम टाकलं.

शेठ आले. खिडक्यांना घोंगड्या लावून दोन बत्त्या पेटवल्या, एकीत विलायती मँटल, दुसरीत आमचं. विलायती पांढरंशुभ्र, आमचं पिवळट! सीरियम जास्त पडलेलं. दादांनी माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"दादा, आ तो पीळुं छे," शेठ उठायला लागले.

हिराबाईनं कामावरच्या बायकांतून आपल्या सुनेला ओढून विलायती बत्तीसमोर उभं केलं. "बघा शेठ, बाय आजारी दिसते का न्हाय?" मग आमच्या बत्तीसमोर. "आनि आता? हळद लागल्यावानी! लगनात तुमी कंची बत्ती लावाल?"

शेठ परत खाली बसले. "ह्याच रंगाचा माल पायजे. जरा बी फरक नाय चालनार!"

शेठ गेल्यावर दादा हिराबाईकडे वळले. "किती घातलं होतंस?"

"मोजाया मना कुठं येतं? ह्या दोन बोटांत आलं तेवडं."

चावी माझ्याच खिशात निघाली. दादांनी तराजू मांडला, तिला पारड्यात चिमूट टाकायला लावली आणि तोलली. पुन्हा टाकायला लावली, पुन्हा तोलली. अशी दहा वेळा. वजन दहाही वेळा तेच! रसायनशास्त्र शिकलेल्या माणसानं तराजू उचलून परत कपाटात ठेवला.

"दादा, जाऊ का आता?" हिराबाईनं पदराला हात पुसले. "चुलीवर भात हाय."