मावशींच्या पिशवीतली सहाण

लिहिणं हे काही माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तेवढ्या जोरावर लोकांना काही सांगायला बसणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. तरी लिहितो, माफ करा.

सकाळी कॉलेज करून दुपारी बाराला मी पनवेलच्या एका पाळणाघरात यायचो. मालकीणबाईंनी मला तिथला प्रमुख केलं होतं. हाताखाली दोन मावश्या. थोरल्या उरणकडच्या कोळीण. माझ्या आईच्या वयाच्या, तरी मला 'सर' म्हणायच्या.

खारघरहून येणारं दीड वर्षाचं एक बाळ दुपारभर झोपून असायचं. बाकीची पोरं चारला उठून धिंगाणा घालायची, याचा डोळा उघडायचा नाही. मला संशय आला. माझी आई भात लावायला जाताना माझ्या धाकट्या बहिणीला जायफळ उगाळून चाटवायची. तसली झोप मी घरात पाहिली होती. मग मी थोरल्या मावशींवर नजर ठेवली. दाराआडून बघायचो, दुधाची बाटली हुंगायचो. एकदा त्या कपडे वाळत घालत असताना त्यांची पिशवी उघडली. आत रुमालात गुंडाळलेली छोटी सहाण.

तेवढ्यात त्या आल्याच.

"सुंठ उगालते, सर. डोका दुकतो माजा."

"कपाळावर कधी दिसली नाही."

"पोरांच्या आया नाक मुरडतात, म्हून पुसून टाकते. आनि तो पोर सकालीच पेंगत येतो. तुमी सकाली असता कुठं?"

धाकटी मावशी फिसकन हसली. मला ते फार लागलं. त्याच संध्याकाळी मी मालकीणबाईंना सांगितलं, "माझी खात्री आहे." दुसऱ्या दिवसापासून थोरल्या मावशींचं काम सुटलं.

बाळ तरी झोपायचंच. मी धाकटीचीही पिशवी तपासली. आत नुसता डबा होता.

दोनेक महिन्यांनी बाळाची आई पाळणाघरातून त्याचं नाव काढून घ्यायला आली.

"सासूबाई गावी गेल्या, म्हणून मी रजा घेऊन घरी राहिले, आणि हा दुपारचा झोपेचना," ती म्हणाली. "फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, निघताना रडतो म्हणून सकाळच्या दुधात जायफळ घालायचे मी."

तिने आत डोकावून पाहिलं.

"मोठ्या मावशी दिसत नाहीत? हा येतानाच झोपलेला का असतो, हे मला पहिल्यांदा त्यांनीच विचारलं होतं."