चिकूची खांदमळणी

देवळाली प्रवऱ्यात भिमाजी मुसमाड्यांच्या बैलाच्या अंगावर गोचीड पाहिला, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जनावर धुवावं तर भिमाजीनं! कॅनॉलच्या कडेला उभं करायचं, नारळाच्या शेंडीनं पाठ घासायची, कानामागं बोट घालून मळ काढायचा, शेपटीचा गोंडा केस न् केस सुटा करायचा. स्वतः गडी आठवडाभर एकाच बंडीवर काढील, पण बैल कसा लखलखीत पाहिजे. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, तरी सकाळी उठून गोठा झाडायची खोड काही गेली नाही. "अवो, रिकामा गोठा काय झाडताय?" असं बायको मुक्ताबाई म्हणायची आणि हा झाडत राहायचा.

अशा माणसाच्या हातात नातीनं उंदीर आणून दिला.

आता उंदीर म्हणायचं नाही, असा तिनं दमच भरला होता. हॅमस्टर म्हणायचं, आणि नाव चिकू. नात म्हणजे संस्कृती, चौथीतली. बाप आदिनाथ भिंगारला लष्कराच्या कचेरीत कामाला, राहायला क्वार्टर. त्या क्वार्टरची दुरुस्ती निघाली, घरभर सिमेंटची धूळ झाली आणि चिकू शिंकायला लागला. तिची आई निकिता आधीच त्या पिंजऱ्याला कंटाळलेली. ती म्हणाली, देऊन टाकू कुणाला तरी. पोरगी रडून रडून लाल झाली आणि म्हणाली, "आबांकडे ठेवा. आबांना जनावरांचं सगळं कळतं."

झालं! भिमाजीची छाती अशी फुगली की बंडीची बटणं तुटायची बाकी राहिली. ठरलं ते असं. पोळ्यापर्यंत चिकू आबांकडे. पोळ्याला सगळे येणार. तेव्हा तो स्वच्छ, धडधाकट दिसला तर निकिता त्याला ठेवून घेणार, नाहीतर देऊन टाकणार. जाताना पोरीनं गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, "आबा, त्याला आंघोळ घालू नका हं! तो आपली आपण करतो!"

भिमाजी हसला. जिला स्वतःला बखोटं धरून मोरीत न्यावं लागतं, ती जनावराला तरी आंघोळ कशी घालू देईल?

पिंजरा त्यानं गोठ्यात, बैलांच्या गव्हाणीवर ठेवला. आत पाहतो तर एक वाटी, तीत बारीक वाळू. "बग, शेरातली पोरं! जनावराच्या ताटात माती!" वाळू उकिरड्यावर ओतली, वाटी राखेनं घासली आणि ज्वारीनं शिगोशीग भरली. केवढं समाधान वाटलं त्याला.

पण त्यानंतर जे त्याचं डोकं गरगरायला लागलं, ते थांबेचना. हे जनावर दिवसा झोपतं. अंधार पडला की चाकावर चढतं आणि पळत सुटतं. "एवढं पळतंय आन् जात कुटंच न्हाई," असं त्यानं मुक्ताबाईला सांगितलं. दूध देत नाही, ओझं ओढत नाही, दारात कुणी आलं तर भुंकत नाही. मग असतं कशाला? एकदा सकाळी चिकूचे दोन्ही गाल टम्म सुजलेले दिसले. गळा सुजला म्हणजे घटसर्प, बैल हातचा जातो! त्यानं गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आधी ऐकून घेत होता, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. आबा, म्हणाला, त्यानं गालात दाणे भरून ठेवलेत. भिमाजीनं वाकून पाहिलं, तर चिकू कोपऱ्यात एकेक दाणा गालातून काढून रचत होता. चोर मेला.

पोळा जवळ आला तसा चिकूचे केस बसले. मऊ फुगलेलं अंग चोपडं, चिकट दिसायला लागलं. आणि केस बसले तसे दोन्ही कुशींवर दोन काळे ठिपके उघडे पडले.

"अगं ए! गोचीड!" भिमाजी गोठ्यातून ओरडला.

त्यानं नखात धरून ओढून पाहिलं. चिकूनं कडकडून चावा घेतला. गोचीड नव्हता. मग खरूज? दोन्हीकडं अगदी सारख्या जागी? अशी कुठं खरूज असते? त्याला काही म्हणजे काही उमगेना. त्याच्या गोठ्यात, त्याच्या हाताखाली जनावर खराब झालं होतं, आणि सून उद्या ते बघणार होती.

त्या दिवशी होती खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्यानं धुऊन तूप-हळदीनं मळतात. भिमाजीनं पाणी तापवलं, शाम्पूची पुडी फोडली आणि चिकूला परातीत धरला. चिकू चिंचिं करत होता, पाय झाडत होता. बैलही पहिल्यांदा झाडतातच की! त्याला नखशिखांत धुतला. मग हात थांबेना. आता एवढ्याशा जीवाला खांदा म्हणायचं तरी कशाला, पण भिमाजीनं बोटाच्या टोकावर तूप-हळद घेतली आणि दोन्ही खांदे हळूहळू मळले. किती वर्षांनी मळत होता. "आज आवतन घ्या," तो बैलांना म्हणायचा तसंच चिकूच्या कानाशी म्हणाला, "उंद्या जेवायला या."

वाळायला म्हणून चिकूला गव्हाणीत ठेवलं. आभाळ आलेलं, वारं सुटलेलं. भिमाजी परात धुऊन परत आला तर चिकू गोळा होऊन पडलेला. हात लावला, तर गार. उलटा केला, तर पाय ताठ.

भिमाजी तिथंच खाली बसला. "मेला गं," एवढंच तो बोलला.

मुक्ताबाई पिठाच्या हातानं धावत आली. "अवो, बगत काय बसलाय? कोकरू गारठलं तर काय करता? घ्या पोटाशी!"

भिमाजीनं चिकूला फडक्यात पुसला, बंडीची बटणं काढली आणि छातीच्या उघड्या कातडीला लावून धरला. चुलीपुढं जाऊन बसला. काही नाही. बर्फाचा खडा छातीवर ठेवावा तसं लागत होतं. आंघोळीनं कधी कुणी मरतं का? आयुष्यभर धुतलं, एक जनावर धुण्यानं गेलं नाही. मग हे कसं जातंय?

आणि नेमका तेव्हाच संस्कृतीचा व्हिडिओ कॉल आला.

"आबा, चिकूला दाखवा ना!"

"झोपलाय गं."

"कुठे?"

"हितंच... माज्यापाशी."

"आबा, वाळूची वाटी ठेवलीय ना? तो वाळूत लोळूनच स्वच्छ होतो. पाणी लागलं तर मरतोसुद्धा."

भिमाजीला दारातून उकिरडा दिसत होता. त्यानं ओतलेल्या वाळूत मुक्ताबाईच्या कोंबड्या पंख पसरून लोळत होत्या, पिसं झाडत होत्या. जन्मभर पाहिलं होतं हे. फोनवर पोरगी "आबा? आबा?" करत होती, आणि तेवढ्यात छातीवर काहीतरी खरवडल्यासारखं झालं. मग पुन्हा. एक इवलंसं नख.

"आबा, तुम्ही रडताय?"

"धूर हाय चुलीचा," भिमाजी म्हणाला आणि फोन मुक्ताबाईकडं दिला.

संध्याकाळ होईतो तो हलला नाही. चिकू वाळला, फुगला, बंडीतून नाक बाहेर काढून बघायला लागला. जीव वाचला, पण हळद काही जाईना. दोन्ही खांदे पिवळेधमक! आणि आता धुवायची सोय नाही.

पोळ्याला सगळे आले. संस्कृतीनं पिंजरा पाहिला आणि जागीच थिजली. "हे काय? आंघोळ घातली? मी सांगितलं होतं ना?" भिमाजी खाली मान घालून उभा. डोळे भरलेल्या पोरीनं पाठ फिरवली ती दिवसभर. मातीच्या बैलांची पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या, ती आबांकडे बघेना. निकिता आदिनाथला म्हणाली, "मी म्हणतच होते. आता देऊनच टाकू." भिमाजी अर्ध्या ताटावरून उठला.

ऊन उतरल्यावर मुक्ताबाईनं नातीला कोपऱ्यात घेतलं आणि बंडीची सगळी हकिगत सांगितली. पोरगी गोठ्यात आली. आबा रिकाम्या गव्हाणीपाशी झाडणी धरून बसलेले.

"हात पुढे करा," ती म्हणाली. आवाजात राग होताच.

तिनं चिकूला त्याच्या ओंजळीत ठेवला. भिमाजीला वाटलं, आता हा चावणार, नाहीतर उडी टाकून पळणार. चिकूनं भेगाळलेली बोटं हुंगली. मग बुड टेकून बसला, दोन्ही हात चाटून ओले केले आणि तोंड धुवायला लागला. नाकावरून, डोळ्यांवरून, थेट कानांमागून. मग मान वळवून खांद्यावरची हळद चाटायला लागला.

"ह्यो... ह्यो काय करतुय?"

"आंघोळ," संस्कृती कुजबुजली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "भ्यायलेला असला ना, की तो असं निवांत बसतच नाही, आबा."

"आन् ते काळे ठिपके?"

"ते असतातच त्याला. त्यातून तो वास सोडतो."

दारात निकिता येऊन उभी राहिली होती. कितीतरी वेळ ती सासऱ्याच्या ओंजळीकडं बघत होती. मग म्हणाली, "आबा, क्वार्टरचं काम काही संपत नाही. द्यायला नको कुणाला. राहू दे हा तुमच्याकडेच. सांभाळाल ना?"

भिमाजीनं ओंजळ तसूभरही हलू दिली नाही. हो म्हणून मान तरी हलवली असती, पण चिकूची आंघोळ अजून व्हायची होती.