आईने फोल्डरला लावलेलं करडईचं फूल

मंडळी, आज औशाला माहेरी आलेय आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई मशीनवर ब्लाउजची एम्ब्रॉयडरी करते. तिला वाचता येत नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर डिझाईनचे सगळे फोल्डर सारखेच पिवळे दिसायचे, म्हणून गिऱ्हाईक आलं की मला लातूरला फोन, "मोराचं डिझाईन कुठं हाय गं?"

मागच्या खेपेला मी पेनड्राइव्हवरूनच चालणारा एक फाईल मॅनेजर, म्हणजे फोल्डरना हवं ते चित्र लावता येईल असं सॉफ्टवेअर, तिला दिला. त्यात मोरांच्या फोल्डरला मोराचा आयकॉन लावला, कोयऱ्यांच्या फोल्डरला कोयरीचा. नवा फोल्डर करून मोबाईलमधला फोटो त्याला कसा लावायचा, ते एकदाच दाखवलं.

आज दुकानात पाहिलं तर एका नव्या फोल्डरवर करडईचं फूल होतं.

"हे कुणी लावलं?"

"मीच. फुलांची समदी डिझाईनं एका जागी केली. आपल्या रानातल्या फुलाचा फोटो मोबाईलमदी व्हताच."

"पण तुला जमलं कसं?"

"तू कुठं कुठं दाबलं ते ध्यानात ठिवलं की," असं म्हणून ती सुईत दोरा ओवायला लागली.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. इतकी हुशार विद्यार्थिनी माझ्याच घरात होती. तुमच्या घरात कोण आहे, नुसत्या अक्षरांपाशी अडलेलं?