शेजाऱ्याला विचारलं?

२०१४च्या जूनमध्ये, एका शनिवारी, रोटोटुनातल्या आमच्या घराचं मागचं कुंपण वाऱ्याने पडलं. सोमवारी ते बांधायला एक माणूस आला. यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, उतरला. पडलेल्या फळ्यांकडे त्याने पाहिलंही नाही. पलीकडच्या घराकडे बोट करून म्हणाला, "शेजाऱ्याला विचारलं?"

हॅमिल्टनच्या उत्तरेला त्या वर्षांत ज्यांनी घरं घेतली, त्यांच्यापैकी अनेकांना हा माणूस आठवेल. उंच, डोक्यावर लोकरीची टोपी, कानामागे सुतारी पेन्सिल. सामायिक हद्दीवर दोन्ही घरांची संमती नसेल तर तो खड्डा खणत नसे, आणि संमती कागदावर चालत नसे. पहिला खांब उभा केला की दोन्ही शेजाऱ्यांनी त्यावर पेन्सिलीने सही करायची, एकीशेजारी एक. मगच काँक्रीट. कायद्यात असं काही नाही. मी तपासलं होतं.

तो जॉर्जियाचा. असं सांगितलं की लोकांना अमेरिकेतलं राज्य आठवे. नाही, रशियाच्या खालचा देश, म्हटलं की लोक खूश होत, "म्हणजे रशियनच!" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "रशियन नाही. रशियाचा शेजारी."

आमच्या हद्दीपलीकडे, जेमतेम दीड फुटावर, मार्गारेटचं फिजोआचं, पेरूसारख्या हिरव्या फळाचं, झाड होतं. मार्गारेट एकटी राहणारी, ऐंशीच्या घरातली बाई. ती तेव्हा मुलीकडे ख्राइस्टचर्चला गेली होती. मी व्यवहार्य सूचना केली. कुंपण तेवढ्या भागात जरा बाहेर घेतलं तर झाड आत येईल. "ती इथे नाही. आणि एवढंसं तर आहे. तिला कळणारसुद्धा नाही."

त्याने हातातलं दोरीचं रीळ परत यूटमध्ये ठेवलं.

"हे वाक्य मी आधी ऐकलंय," तो म्हणाला. "रशियनमध्ये."

मार्गारेट परत येईपर्यंत तीन आठवडे आम्ही कुंपणाशिवाय राहिलो. सगळ्या गल्लीची कुत्री आमच्या अंगणात हिंडून गेली. "बाबा, ही इज हीप्स स्ट्रिक्ट," माझी मुलगी म्हणाली; हीप्स म्हणजे इथल्या बोलीत फारच. मार्गारेटने आल्यावर चष्मा शोधून सही केली. झाड तिच्याकडे राहिलं. दर शरद ऋतूत ती कुंपणावरून फिजोआंची बादली देते.

त्याची आई राजधानीपासून तासाभरावरच्या एका खेड्यात राहायची. घर, परस, परसाच्या टोकाला अक्रोडाचं झाड. २००८मध्ये पाच दिवसांचं युद्ध झालं. त्यानंतर परसामागच्या टेकड्या वेगळा देश आहेत असं रशियाने जाहीर केलं आणि त्या नव्या देशाच्या रक्षणासाठी स्वतःचे सैनिक ठेवले. हद्द आधी फक्त नकाशावर होती. मग हिरव्या पाट्या आल्या. मग खांब, मग तार. पलीकडच्यांचं म्हणणं असं की कुंपण सरकत नाही, हद्द अधिक अचूकपणे आखली जाते. ही अचूकता दर वेळी एकाच दिशेने वाढत होती. गावातल्या गाई पलीकडे गेल्या तर परत येत नसत. माणसं येत, काही दिवस कोठडीत काढून.

तो देश मानणारी राष्ट्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत पॅसिफिकमधलं एक छोटंसं बेट आहे. हे त्याने मला नकाशावर दाखवलं होतं. "हे तुमचे शेजारी. यांनी माझ्या आईच्या टेकडीला परदेश म्हणून मान्यता दिली. टेकडी कधी पाहिली नाही. पण मोठ्या मनाचे लोक!"

त्या वर्षी गणपतीला मी त्याला बोलावलं. कुलकर्णी वहिनी बशी घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्यासाठी मुद्दाम केलंय हं. रशियन सॅलड!"

त्याने एक घास खाल्ला, नीट चावला.

"सगळ्यांचे तुकडे करायचे, एकत्र ढवळायचं आणि वरून पांढरं लावून झाकायचं," तो म्हणाला. "अगदी बरोबर जमलंय."

"बघा!" वहिनी म्हणाल्या आणि त्याला आणखी वाढलं. त्याने बशी चाटूनपुसून संपवली.

पुढे त्याचं काम आमच्या भागात असलं की दुपारी चार वाजता तो आमच्याकडे चहाला थांबे. तिकडे तेव्हा सकाळचे आठ. आईला फोन लावून तो एकच प्रश्न विचारी, कुंपण कुठवर आलं, आणि फोन ठेवल्यावर मला उत्तर सांगे. २०१४मध्ये उत्तर होतं, "टेकडीपाशी." पुढच्या वर्षी, "नांगरटीत." २०१६मध्ये, "अक्रोडाच्या पलीकडे, दहा पावलं."

त्याने आईसाठी व्हिसा काढला. विमानाचं तिकीटही पाठवलं. तिने व्हिसाचं पत्र छापून घेतलं, फ्रिजवर लावलं आणि आली नाही. कारण फोनवर सांगितलं, "मी इथे नसले तर ते विचारणार कोणाला?"

"त्यांनी आजवर विचारलंय का?" मी म्हणालो.

"नाही," तो म्हणाला. "पण ती घरी होती."

२०१८च्या एप्रिलमध्ये एका दुपारी फोन नेहमीपेक्षा लवकर संपला. "अक्रोड गेला," तो म्हणाला. आता कुंपण आणि घराची मागची भिंत यांच्यात काहीच उरलं नव्हतं. त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला. महिन्याभरात यूट विकली. दोरीचं रीळ आमच्या गॅरेजमध्ये ठेवायला आला तेव्हा मी विचारलं, "तिथे जाऊन करणार काय?"

"घरी राहणार. रिकाम्या घराला कोणी विचारत नाही. दोघं असलो तर दोघांना विचारावं लागेल."

"आणि नाही विचारलं तर?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून पाहिली, परत कानामागे ठेवली. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक, म्हणाला आणि चालत निघाला.

तो पोहोचल्याचा निरोप आला. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी ओळ येई. घर अजून कुंपणाच्या अलीकडे आहे. आई बरी आहे. छपराचे पत्रे बदलले.

२०१९च्या ऑक्टोबरनंतर त्याचा फोन लागलेला नाही. त्याच महिन्यात त्याने एक फोटो पाठवला होता. त्यात घराची मागची भिंत दिसते. भिंतीपासून चार पावलांवर हिरवा लोखंडी खांब आहे. खाली लिहिलं आहे, "आईने सही केली." खांबावर खडूने लिहिलेलं एक नाव आहे. त्याच्या शेजारची जागा मोकळी आहे.