सावलीत वाळणारं कापड

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या इमारतीत एक जण भाड्यानं राहायला आला. नोकरी बुटीबोरीला, आणि रविवारी पहाटेच गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन पॅराग्लायडरनं उडायचा. परतला की गवतावरच्या दवानं ओलं झालेलं पॅराग्लायडरचं भलंमोठं कापड पार्किंगच्या सावलीत पसरायचा आणि जेवायला जायचा. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

एकदा मला राहवलं नाही. नागपुरात पापडापासून गादीपर्यंत सगळं उन्हातच वाळतं. मी ते कापड कवेत भरून गच्चीवर नेलं आणि पसरलं. तो धावतच आला.

"काकू, उन्हात नका टाकू! ऊन याले कमजोर करते. डोळ्याले दिसत नाही, वर गेल्यावर फाटते."

मी घाईघाईनं कापड गोळा करू लागले. पण तो रागावला नाही. "एवढ्यानं काही होत नाही," म्हणाला. कापड सावलीत आणून त्यानं उजेडासमोर धरून पाहिलं. मग उडताना ज्यांना तो लटकतो, त्या कापडाच्या दोऱ्या डोळे मिटून एकेक करून चिमटीतून सरकवू लागला. एका दोरीवर थांबला. ती आधीपासूनच झिजलेली होती.

"हे बदलेपर्यंत उडणं बंद."

"एवढ्या साऱ्या आहेत, एका दोरीनं काय होते गा?"

"असं तर प्रत्येक दोरीबद्दल म्हणता येते, काकू."

नवी दोरी येईपर्यंत महिनाभर तो उडला नाही. आता शनिवारी संध्याकाळी दोऱ्या तपासताना अर्ध्या माझ्याकडे असतात. मीही डोळे मिटून बोटं फिरवते. कुठंच अडकली नाहीत, की मीच सांगते, "जा गा उद्या."