वटारच्या वाडीतली औषधांची टोपली

शैला माझ्याच मजल्यावर राहते. तिला काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याची नजर निम्मी गेलेली. तरी मोबाइलवर योगशिबिराची जाहिरात पाहून म्हणाली, "मी जाणारच. तू येतेस की एकटी जाऊ?" समोरचा खड्डा दिसत नाही, आणि एकटी जाऊ म्हणे! पाठ माझीही दुखतेच. शनिवारी सकाळी दोघी निघालो.

आमच्या बोळिंजहून वटार गावाला थेट रिक्षा करा आणि भाडं आधीच ठरवा, नाहीतर उतरताना वाद होतो. इमारती मागे पडल्या की केळीच्या बागा लागतात, हवा गार होते. शिबिर एका वाडीत होतं. माणशी अडीच हजार, राहणं-जेवण धरून. जेवण म्हणजे दुधी, ताक आणि रुग्णालयाची आठवण करून देणारी खिचडी. न्याहारीची सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, मात्र पोटभर खा.

फाटकातच चपलांचं कपाट आणि शेजारी वेताची टोपली.

"औषधं इथे ठेवा. दोन दिवस शरीराला सुट्टी," पांढऱ्या सदऱ्यातले सर म्हणाले. शिबिर त्यांचंच.

चांगली शिकलेली माणसं देवापुढे नारळ ठेवावा तशी गोळ्यांची पाकिटं ठेवत होती. माझी रक्तदाबाची गोळी मी पर्समधून काढली नाही.

"मावशी, विश्वास नाही का?"

"आहे ना. गोळीवर."

संध्याकाळी प्रत्येकाने आपण का आलो ते सांगितलं. कुणाला झोप नव्हती, कुणाचे गुडघे, एक जोडपं तर भांडण मिटवायला आलेलं. शैला म्हणाली, "सहज." डोळ्याचं अवाक्षर नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान वळवली. सरांनी शवासन मात्र छान घेतलं, हे कबूल करते. माझी पाठ कित्येक महिन्यांनी सैल झाली.

रविवारी सकाळी चपला घ्यायला गेले, तर टोपलीत शैलाची डोळ्यांच्या थेंबांची बाटली! म्हणजे रात्रीचे थेंब बुडाले होते. बाटली उचलून आसनांच्या मंडपाकडे धावले. शैलाबाई भिंतीशी डोकं जमिनीला टेकवून शीर्षासनाच्या तयारीत, आणि सर पाय उचलायला वाकलेले. डोकं खाली, पाय वर करायचे नाहीत, डोळ्यातला दाब वाढतो, असं तिच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत हात वर केल्याशिवाय बोलायची बंदी होती. इथे मी थेट ओरडले, "थांबा! हिला काचबिंदू आहे!"

"तू गप्प बस गं," शैला खालूनच म्हणाली.

"उलट चांगलंच आहे," सर हसले. "डोळ्यांना रक्तपुरवठा वाढेल. नजरसुद्धा परत येते."

मी फोन काढला. "हिच्या डॉक्टरांना लावते. हेच त्यांना सांगा."

"मी कशाला बोलू? हा ज्याचा त्याचा निर्णय असतो."

"आत्ता नजर परत आणत होतात ना? मग बोला की."

सरांनी फोनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शैलाने डोकं उचललं आणि चटईवर बसली.

"बोला ना सर," ती म्हणाली. "मलाही ऐकायचंय."

सर दुसऱ्या ओळीकडे वळले. आम्ही जेवायला थांबलो नाही.

रिक्षात शैला म्हणाली, "तो सर काल म्हणाला होता, नजर परत येईल."

"आणि डॉक्टर?"

"आहे ती टिकेल, म्हणतात. कंटाळले होते गं मी तेवढंच ऐकून."

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. पाठ सैल होते, झोप लागते. फक्त आपला आजार आधी सांगा, आणि औषधं टोपलीत टाकू नका.

सगळ्यांसमोर डोळ्याचं बोलले म्हणून शैला आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आता सकाळी आम्ही दोघी गच्चीवर अनुलोम-विलोम करतो. डोकं वर, पाय जमिनीवर. रात्री ती बाटली घेऊन माझ्याकडे येते, कारण तिने घातलेला थेंब गालावरच पडतो. ती मान मागे टाकते, मी थेंबाचा नेम धरते.

"श्वास कशाला रोखलास?" काल ती म्हणाली. "सोड. मी कुठे जात नाही."