काश्यप गोत्राचं हाड

चहा घ्या आधी. माणसाच्या हातून गाढवपणा होतो, पण मी तो तेरा दिवस केला आणि तोही अगदी शास्त्रोक्त!

झालं असं, की वरचे डावीकडचे दात गेले आणि माझ्या श्लोकांतून शिट्टी वाजायला लागली. चाळीस वर्षं इथे बनारसमध्ये पोरांना संस्कृत शिकवलं, आणि आता 'शिवाय' म्हटलं की कुकर आठवायचा! दात बसवून घ्यायचे ठरले. डॉक्टर म्हणाले, वरचं हाड झिजलंय, नाकाच्या बाजूच्या पोकळीचा पडदा जरा उचलून तिथे हाड भरावं लागेल. मी आपला मान हलवत होतो. चष्मा घरी राहिला होता, तरी फॉर्मवर ते बोट दाखवतील तिथे खुणा आणि सह्या केल्या.

शस्त्रक्रिया झाली. टाके खालच्या जबड्यातही होते. मला वाटलं, सुई हातात होती, घातले असतील! निघताना कंपाउंडरला विचारलं, हड्डी आती कहाँ से है? मान वर न करता तो म्हणाला, "बैंक से आती है, गुरुजी."

संपलंच की हो! जिवंत माणूस बँकेत हाड ठेवायला जातो का?

मला अण्णा आठवले. माझे वडील अमृतराव घाटावर क्रियाकर्म करायचे. साताऱ्याहून, नागपुराहून लोक अस्थी घेऊन यायचे. कधी कुणा बेवारशाच्याही यायच्या. अण्णा त्यांना तेवढ्याच मायेनं निरोप द्यायचे. म्हणायचे, "नाव नाही म्हणून पाणी चुकवायचं नाही. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं." अजूनही त्या पायऱ्या उतरताना ओल्या धोतराचा वास येतो आणि मी आठ वर्षांचा होतो. फार आठवण येते हो त्यांची.

आणि त्यांच्याच मुलाच्या तोंडात कुणाचं तरी हाड, तेही पाण्यावाचून? छे!

दुसऱ्या दिवसापासून घाटावर तिलांजली सुरू. डॉक्टरांची डुबकीला बंदी होती, म्हणून पायरीवर बसून. दाढी बंद. गाल सुजलेला. नाक शिंकरायचं नाही असा हुकूम, त्यामुळे रुमालानं सारखं टिपत होतो. गल्लीनं पाहिलं, आणि काय समजायचं ते समजली! माणसं भेटायला येऊ लागली. कोण गेलं म्हणून विचारलं की मी गालाकडे बोट दाखवायचो. शेजारच्या मिश्राजींनी तर मला मिठी मारली. माझी बायको सुधा प्रत्येकाला चहा देऊन सांगायची, "हमको भी नहीं बताया!"

तेराव्याला तिनं कुरकुरत खीर केली. पाच ब्राह्मण जेवले. चावायचं नव्हतं, म्हणून मीही दोन वाट्या घेतल्या आणि त्या अनोळखी जिवाला मनातल्या मनात हात जोडले. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

चौदाव्या दिवशी सुधाला घेऊन टाके काढायला गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं, हाडाच्या मालकाला गती मिळाली म्हणालो. त्यांनी माझा फॉर्म काढला.

"गुरुजी, हड्डी तो आप ही की है. नीचे के जबड़े से ली थी. फ़ॉर्म में आपने खुद टिक किया था."

"और बैंक?"

"वो दूसरे मरीज़ों के लिए."

मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं. म्हणजे तेरा दिवस मी पाणी दिलं ते मलाच! आणि गंमत बघा, आमचं गोत्रही काश्यपच. अण्णांच्या शिकवणीत तसूभर चूक झाली नव्हती.

 घरी आल्यावर मी सुधाला हळूच विचारलं, कालची खीर उरलीय का?

"जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालतो तो संन्यासी," ती म्हणाली. "आणि संन्याशानं खीर मागायची ती शेजारच्या दारात."

मिश्राजींनी वाटीभर दिली हो. बिचारे अजून मला धीर देतात.